यादी तीनशेची, जागा बत्तीस

बारावीच्या निकालानंतर दरवर्षी या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढतो. या वेळी त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रे लिबरल आर्ट्स महाविद्यालये, म्हणजे जेथे विज्ञान, समाजशास्त्रे, भाषा, कला असे निरनिराळे विषय एकाच पदवीत घेता येतात अशी महाविद्यालये, आणि तेथे शिकवल्या जाणाऱ्या असंख्य विषयांबद्दल आहेत. सर्वांना स्वतंत्र उत्तरे देणे शक्य नसल्याने सहा पत्रे निवडली असून, पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे न देता फक्त गावाचा किंवा भागाचा उल्लेख केला आहे.

प्रश्न (कोथरूड) : नमस्कार मॅडम. माझ्या मुलीने बारावीची परीक्षा विज्ञान शाखेतून दिली. तिला जीवशास्त्र मनापासून आवडते, अर्थशास्त्राबद्दल कुतूहल आहे आणि गेली आठ वर्षे ती कथक शिकते आहे. एका लिबरल आर्ट्स महाविद्यालयाची विषयांची यादी तिने छापून आणली असून तीत तीनशेच्या वर नावे आहेत. ती यादी पाहून हरखून गेली आहे. तिचे बाबा मात्र विचारतात, ‘एवढ्यांतून ही नेमके शिकणार काय?’ मला दोघांचेही पटते. अशी यादी वाचायची तरी कशी?

उत्तर : आधी थोडा हिशेब मांडू, म्हणजे तीनशे हा आकडा आपल्या जागी बसेल. अमेरिकेतील अॅम्हर्स्ट किंवा विल्यम्ससारख्या जुन्या महाविद्यालयांत विद्यार्थी एका सत्रात साधारण चार विषय घेतो आणि आठ सत्रांत बत्तीस विषय पूर्ण करून पदवी मिळवतो. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या महाराष्ट्राच्या आराखड्यात चार वर्षांच्या पदवीला १७६ श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे प्रत्येक सत्राला २२ श्रेयांक लागतात आणि विषयांचे आकार लहानमोठे असल्याने त्यांची संख्या थोडी वेगळी भरते. पण माणसाच्या चार वर्षांत मावणारे विषय तीस-चाळीसच्या पुढे फारसे जात नाहीत. त्यांतील तिसरा हिस्सा मुख्य विषय (मेजर) खातो, काही जागा सक्तीच्या विषयांना जातात, दुय्यम विषय (मायनर) घेतला तर पाच-सहा त्याला. मनासारखे निवडायला दहा-बारा जागा उरल्या तर पुष्कळ. यादी तीनशेची असो वा सहाशेची, तुमच्या मुलीच्या हातात येणार आहेत त्या या दहा-बारा जागा, आणि त्या तिला कोणत्या क्रमाने व कोणत्या सत्रात भरता येतील, एवढाच प्रश्न खरा आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या परिचितांचा मुलगा अशीच छापील यादी घेऊन माझ्याकडे आला होता. त्याने पिवळ्या पेनाने अकरा विषय रंगवले होते. मी त्याला त्याच महाविद्यालयाचे चालू सत्राचे वेळापत्रक मागवायला सांगितले आणि दोन्ही कागद आम्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. अकरांपैकी त्या सत्रात चारच विषय शिकवले जात होते. त्या चारांतील दोन मंगळवारी आणि गुरुवारी साडेअकराच्या एकाच तासाला येत होते, म्हणजे एक सोडणे आले. आणखी एकासाठी संख्याशास्त्राचा प्राथमिक विषय आधी पूर्ण केलेला असावा, अशी अट होती. हाती उरले दोन. मुलाचे वडील म्हणाले, ‘हे तर खानावळीच्या फळ्यासारखे झाले, लिहिलेले सगळे असते, विचारायला गेले की आज नाही.’ मला ते तंतोतंत वाटले, मात्र मी त्यांना एवढेच म्हटले की खानावळीत निदान उद्या येण्याची सोय असते.

म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नका. मागील चार सत्रांची प्रत्यक्ष वेळापत्रके मागा. ती द्यायला कोणी खळखळ केली, तर तेही एक उत्तरच समजा. वेळापत्रके हाती आली की मुलीला आवडलेले विषय किती वेळा शिकवले गेले, ते पूर्णवेळ अध्यापकाने शिकवले की बाहेरून येणाऱ्या पाहुण्याने, वर्गात किती विद्यार्थी होते आणि प्रवेशासाठी आधीचा कोणता विषय लागत होता, हे पाहा. पाहुण्या अध्यापकांविषयी माझा आकस नाही, मी स्वतः तशी अनेक ठिकाणी शिकवायला जाते. परंतु पाहुण्याचा विषय पाहुण्याबरोबर येतो आणि त्याच्याबरोबरच जातो.

आता वैविध्याबद्दल. यादीतले वैविध्य आणि एका विद्यार्थ्याच्या गुणपत्रकातले वैविध्य या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे प्रमाण कित्येकदा व्यस्त असते. अमेरिकेतच सेंट जॉन्स नावाचे एक महाविद्यालय आहे, ज्याने १९३७ पासून मूळ ग्रंथांच्या वाचनावर आधारलेला एकच अभ्यासक्रम ठेवला आहे. तेथे मुख्य विषय निवडायचा नसतो आणि ऐच्छिक विषय जवळजवळ नाहीतच. प्रत्येक विद्यार्थ्याला युक्लिडची भूमिती सोडवावी लागते, ग्रीक आणि फ्रेंच शिकावी लागते, प्रयोगशाळेत काम करावे लागते आणि संगीताचाही अभ्यास करावा लागतो. तेथील यादी इतर महाविद्यालयांच्या तुलनेत अगदी आखूड भरेल, पण तेथून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या गुणपत्रकाइतके वैविध्य इतरत्र क्वचितच सापडेल. याच्या अगदी उलट टोकाला अॅम्हर्स्ट आहे. पहिल्या वर्षीचा चर्चासत्र-पद्धतीचा एक विषय आणि मुख्य विषयाच्या अटी सोडल्या, तर तेथे सर्वांना समान असे सक्तीचे काहीही नाही. अशा ठिकाणी धीट विद्यार्थी गणित, अरबी आणि नृत्य एकत्र घेतो, तर भित्रा विद्यार्थी सोयीचे, सवयीचे आणि मित्रांनी घेतलेले विषय घेऊन चार वर्षे काढतो. महाविद्यालय दोघांनाही अडवत नाही. रीड महाविद्यालय मधला मार्ग धरते : पहिल्या वर्षी सर्वांना मानव्यविद्यांचा एक समान विषय, शेवटच्या वर्षी प्रत्येकाने प्रबंध लिहायचा आणि मधल्या काळात बरेचसे स्वातंत्र्य.

आपल्याकडच्या संस्था बहुतेक या मधल्या मार्गावरच्या आहेत. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना पायाभूत विषयांचा एक गट पूर्ण करावा लागतो. पुण्यात लवळे येथील फ्लेम विद्यापीठात विद्यार्थ्यांचे गट देशातील एखाद्या भागात जाऊन ‘डिस्कव्हर इंडिया’ या नावाखाली अभ्यास करून येतात. विमाननगरला सिम्बायोसिसची लिबरल आर्ट्सची शाखा २०११ पासून चालू असून तेथे मुख्य आणि दुय्यम विषयांची जोडी ही अभ्यासक्रमाची चौकट आहे. यांपैकी कोणते चांगले, हे मी सांगणार नाही. मुलीचा स्वभाव धीट आहे की तिला थोडे ढकलावे लागते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. ढकलावे लागत असेल, तर सक्तीचे विषय अधिक असलेले महाविद्यालय तिच्या हिताचे, मग त्याची यादी आखूड का असेना.

वैविध्याचा आणखी एक प्रकार यादीत दिसतच नाही. तो एकेका विषयाच्या आत असतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात पुण्यातील प्लेग या एकाच विषयावर एक सत्रभर अभ्यासक्रम चालला होता आणि त्यातले तीन तास मला दिले होते. इतिहासाच्या अध्यापकांनी १८९७ मधील घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्या शिकवल्या. त्या रात्री रँड ज्या गव्हर्नरच्या निवासस्थानाहून परतत होता, तीच आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, हे वर्गातील निम्म्या मुलांना ठाऊक नव्हते. जीवशास्त्राच्या बाईंनी सांगितले की येर्सिनने प्लेगचा जिवाणू १८९४ मध्येच हाँगकाँगला ओळखला होता, परंतु उंदरावरील पिसवांचा संबंध सिमोंने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिला. म्हणजे पुण्यात झडत्या चालू होत्या तेव्हा रोग माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे झडत्या घेणाऱ्यांनाही कळलेले नव्हते. कायद्याच्या अध्यापकांनी १८९७ चाच साथरोग कायदा वाचून घेतला. आणि सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी झालेले निधन प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना झाले, हे तर मुलांना येतच होते.

माझ्या वाट्याला आकडे होते. मी पुण्याऐवजी मुंबईचे आकडे घेतले, कारण तेथील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील दर आठवड्याच्या प्लेगमृत्यूंवरच कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी १९२७ मध्ये साथींचे प्रसिद्ध गणित तपासून पाहिले होते. अप्पा बळवंत चौकातून आलेख-कागद आणून मुलांनी हाताने ते ठिपके मांडले आणि ठिपक्यांचा सुबक उंचवटा पाहून वर्ग खूश झाला. तेवढ्यात वाणिज्य घेतलेल्या एका मुलीने विचारले, ‘मॅडम, हे मोजले कोणी?’ मी अडखळले. मग इतिहासाचा एक विद्यार्थी म्हणाला की पुण्यात लोक झडतीच्या आणि छावणीच्या भीतीने आजारी माणसे लपवीत असत. मुंबईच्या १९०५ च्या आकड्यांना पुण्याची १८९७ ची परिस्थिती जशीच्या तशी लावता येणार नाही, हे मी तेव्हाच बजावले. परंतु पुढचा अर्धा तास आम्ही आलेख बाजूला ठेवून आकड्यांमागच्या भीतीवरच बोलत होतो. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले, मात्र संख्याशास्त्राच्या वर्गात तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मुलीला महाविद्यालय दाखवायला न्याल, तेव्हा असा एखादा विषय कोणी शिकवतो का आणि त्यासाठी दोन विभागांचे अध्यापक खरोखर एका वर्गात बसतात का, हे अवश्य विचारा.

तुमच्या मुलीपुरते सांगायचे तर जीवशास्त्र मुख्य आणि अर्थशास्त्र दुय्यम ही जोडी चांगली आहे. मात्र जीवशास्त्राची प्रात्यक्षिके दुपारचा मोठा भाग व्यापतात आणि त्यातील पुढचे विषय रसायनशास्त्राच्या पायाशिवाय झेपत नाहीत, म्हणून रसायन आणि जीवशास्त्र पहिल्याच सत्रात सुरू करावे. अर्थशास्त्र तिसऱ्या सत्रात आले तरी चालते. कथकबद्दल एकच विचारा : नृत्याला श्रेयांक आहेत की तो संध्याकाळचा छंदवर्ग आहे? छंदवर्ग असेल, तर सध्याच्या गुरूंकडचा क्लास सोडण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न (शिरूर) : लिबरल आर्ट्स म्हणजे चित्रकला, शिल्पकला असे काही असते का? आमच्याकडे सगळे त्याला ‘आर्ट्स साइड’ म्हणतात.

उत्तर : नाही. घोटाळा ‘आर्ट्स’ या शब्दाने केला आहे. प्राचीन रोममध्ये स्वतंत्र नागरिकाला शोभणाऱ्या विद्यांना हे नाव होते आणि मध्ययुगीन युरोपात त्यांची संख्या सात ठरली : व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र. सातांत चार गणिती आहेत, कारण संगीतसुद्धा तेव्हा स्वरांमधील गुणोत्तरांचे शास्त्र म्हणून शिकवले जाई. आजच्या लिबरल आर्ट्स महाविद्यालयात भौतिकशास्त्र आणि गणित हे इतिहास-साहित्याइतकेच घरचे विषय आहेत. चित्रकला असते, पण तीसुद्धा अनेकांतील एक म्हणून.

प्रश्न (निगडी, प्राधिकरण) : स. न. वि. वि. माझ्या नातवाला अमेरिकेतील एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. तेथे सर्व मिळून अठराशे विद्यार्थी आहेत. आमच्या वेळच्या पुण्यातील एखाद्या मोठ्या महाविद्यालयात एका इयत्तेत त्याहून अधिक मुले असत. असे असूनही त्यांच्या यादीत अरबी आहे, भूशास्त्र आहे, नाट्यशास्त्र आहे, आणखी बरेच काही आहे. इतक्या लहान संस्थेला हे परवडते कसे, की हा नुसता देखावा आहे? नातवाला अरबी आणि भूशास्त्र दोन्ही घ्यायचे आहेत. कळावे.

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण हा देखावा नाही. लहान महाविद्यालये यादी लांब ठेवण्यासाठी काही युक्त्या करतात आणि त्या समजल्या की नातवाला सावधपणे निवड करता येईल. पहिली युक्ती म्हणजे वरच्या पातळीचे विषय एक वर्षाआड शिकवणे. यादीत नाव दरवर्षी छापले जाते, वर्ग मात्र दोन वर्षांतून एकदा भरतो. ज्या वर्षी तो भरतो, त्या वर्षी नातू शिक्षणासाठी परदेशी गेलेला असेल, तर तो विषय त्याच्यापुरता संपला.

दुसरी युक्ती शेजाऱ्यांची. मॅसॅच्युसेट्स राज्यात अॅम्हर्स्ट, स्मिथ आणि माउंट होल्योक ही महाविद्यालये तेथील राज्य विद्यापीठासह एका संघात आहेत आणि एका संस्थेचा विद्यार्थी बसने दुसरीकडे जाऊन तेथील विषय आपल्या पदवीत धरू शकतो. फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर, हॅवरफर्ड आणि स्वार्थमोर यांची अशीच व्यवस्था आहे. कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँटमध्ये तर पदवीची पाच महाविद्यालये एकमेकांना इतकी लागून आहेत की पायीच जाता येते. सदाशिव पेठेतल्या माणसाने पुस्तक आणायला शनिवार पेठेत जावे, इतकाच हा प्रवास. नातवाचे महाविद्यालय अशा एखाद्या संघात असेल, तर अठराशे हा आकडा विसरून जा.

काही ठिकाणी वेळेची रचनाच वेगळी असते. कोलोरॅडो महाविद्यालयात १९७० पासून एका वेळी एकच विषय साडेतीन आठवडे शिकतात आणि मग पुढचा घेतात; भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचा लाभ असा की दुसरा कोणताही तास बुडण्याची भीती नसल्याने संपूर्ण वर्ग आठवडाभर डोंगरात जाऊन राहू शकतो. विल्यम्समध्ये जानेवारीचा महिना एकाच वेगळ्या विषयासाठी राखलेला असतो. तेथेच काही विषय दोन विद्यार्थी आणि एक अध्यापक अशा रीतीने चालतात : एका आठवड्यात एकाने निबंध वाचायचा आणि दुसऱ्याने त्याची चिरफाड करायची, पुढच्या आठवड्यात उलट. ओबर्लिनमध्ये विद्यार्थीच इतर विद्यार्थ्यांना विषय शिकवतात अशीही एक शाखा आहे आणि त्याला थोडे श्रेयांकही मिळतात. या संस्थांत पदव्युत्तर विद्यार्थी जवळजवळ नसल्याने अध्यापकांचा वेळ पदवीच्या वर्गांवर खर्च होतो, हे त्यांचे मोठे बळ.

नातवाने महाविद्यालयाच्या निबंधक कार्यालयाला एक पत्र लिहावे आणि दोनच गोष्टी विचाराव्यात. अरबीचे तिसरे वर्ष दरवर्षी शिकवले जाते का आणि अरबी शिकवणारे अध्यापक किती? लहान महाविद्यालयात एखादी भाषा कधी कधी एकाच अध्यापकाच्या खांद्यावर असते आणि ते अध्यापक संशोधनासाठी वर्षभर रजेवर गेले, तर विद्यार्थी अर्ध्या वाटेवर उभा राहतो. भूशास्त्राची काळजी त्या मानाने कमी आहे. पहिल्या सत्रात दोन्ही विषय सुरू करावेत, कारण भाषा उशिरा धरली की चार वर्षांत वाचण्याइतकीही येत नाही.

प्रश्न (हडपसर) : मॅडम, मी एका संलग्न महाविद्यालयात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. नव्या धोरणाप्रमाणे आम्हालाही ओपन इलेक्टिव्ह घ्यायचा असतो. आमच्याकडे दोनच पर्याय होते आणि त्यातल्या एकाच्या जागा भरल्या होत्या, म्हणून उरलेला घेतला. विषयांचे वैविध्य फक्त लाखो रुपये फी भरणाऱ्यांसाठीच असते का?

उत्तर : बऱ्याच अंशी, हो. खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. तुमच्या महाविद्यालयात एका वर्गात शंभरावर मुले, अध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि खोल्या दोन पाळ्यांत वाटलेल्या असतील, तर धोरणात काहीही लिहिले असले तरी दहा ऐच्छिक विषय चालवणे प्राचार्यांच्या हातात नाही. खुला ऐच्छिक विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा, ही महाराष्ट्राच्या आराखड्यातील अट मला फार आवडते. परंतु ज्या आवारात वाणिज्य ही एकच शाखा आहे, तेथे बाहेरचा विषय शिकवायला माणूस आणायचा कोठून?

तरीही तुमच्या हातात काही गोष्टी आहेत. ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांत आहे. मात्र तुमच्या महाविद्यालयाने तो अभ्यासक्रम मान्य केलेला असावा लागतो, म्हणून आधी अर्ज देऊन होकार लेखी घ्या आणि मगच नाव नोंदवा. परीक्षा झाल्यावर ‘आमच्या यादीत हा विषय नाही’ असे ऐकलेली दोन मुले माझ्या ओळखीची आहेत. मिळालेले श्रेयांक श्रेयांक-पेढीच्या (अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) तुमच्या खात्यात जमा झाले का, हेही स्वतः तपासा.

शिवाय तुम्ही पुण्यात आहात. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परकीय भाषांचे प्रमाणपत्र वर्ग चालतात, आणि जर्मन किंवा फ्रेंच येणाऱ्या बी.कॉम. पदवीधराला या शहरात काम शोधत फिरावे लागत नाही. आयुका, भांडारकर संस्था, गोखले अर्थशास्त्र संस्था, डेक्कन कॉलेज यांची जाहीर व्याख्याने होतात आणि तेथे तुमची शाखा कोणी विचारत नाही. श्रेयांक मिळणार नाहीत, हे खरे. पण १९३० च्या दशकात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी जुनी आहत, म्हणजे ठसे उमटवलेली, नाणी काट्यावर तोलून त्यांच्या झिजेवरून त्यांचा काळ काढू लागले, तेव्हा तो कोणत्याही अभ्यासक्रमाचा भाग नव्हता. आणि फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकलेल्या इरावती कर्वे पुढे डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राच्या अभ्यासक झाल्या, तेव्हाही त्यांना कोणी मेजर-मायनरचा तक्ता आखून दिला नव्हता. तुमच्याशी त्यांची तुलना करून दडपण आणण्याचा हेतू नाही. या शहरात एका आवारातून दुसऱ्या आवारात चालत जाण्याची वाट जुनी आहे, इतकेच. तुम्ही घेतलेला तो उरलासुरला विषय कोणता, हे पत्रात लिहिलेले नाही. कळवलेत, तर त्याला जोडून पुढे काय घेता येईल, ते सांगता येईल.

प्रश्न (सिंहगड रस्ता) : मुलाने मानसशास्त्र, चित्रपट अभ्यास आणि संगणक असे विषय एकत्र घेतले आहेत. उद्या एम.पी.एस.सी., एल.एल.बी. किंवा एम.एस्सी. करायचे म्हटले, तर ही पदवी चालेल का?

उत्तर : बहुतेक स्पर्धा परीक्षांना मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते, विषयांची जोडी कोणी पाहत नाही; तीन वर्षांच्या एल.एल.बी.चेही तसेच. खरी अडचण एम.एस्सी.ला येते. गणितात पुढे जायचे, तर वास्तव विश्लेषण आणि रैखिक बीजगणित पदवीला झालेले असावे लागते. मानसशास्त्रात प्रयोगपद्धती आणि संख्याशास्त्राचे विषय सुटलेले असतील, तर प्रवेशपरीक्षेतच अडते. रुग्णांसाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण नंतर घ्यावेच लागते. पदवीच्या यादीत ‘क्लिनिकल’ शब्द आला म्हणून ते टळत नाही. मुलाला सांगा की तीनांपैकी ज्या विषयात पुढे जाण्याची शक्यता आहे, त्याच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या अटी आजच काढाव्यात आणि त्याप्रमाणे उरलेल्या सत्रांत जागा राखाव्यात. चार वर्षे पूर्ण केली तर एका वर्षाची पदव्युत्तर पदवी किंवा, ७५ टक्के गुण असल्यास, थेट पीएच.डी.ची वाट उघडी राहते. त्यामुळे तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडण्याचा निर्णय घाईने घेऊ नये.

प्रश्न (भोर) : माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आहे. अशा महाविद्यालयात ती टिकेल का?

उत्तर : विषय कोणताही असो, या महाविद्यालयांत वाचन आणि लेखन फार असते. इतिहास किंवा समाजशास्त्राच्या एका विषयाला आठवड्याला शंभर पाने वाचायची, असे नेहमीचे असते, आणि सत्रात असे चार-पाच विषय असतात. इंग्रजी बोलण्याची भीती पहिल्या सहा महिन्यांत जाते. वाचनाचा वेग मात्र तितक्या लवकर वाढत नाही. म्हणून पहिल्या सत्रात वाचनाचे दोन आणि गणिती किंवा प्रयोगशाळेचे दोन असे विषय घ्यावेत, चारही वाचनाचे घेऊ नयेत. निबंध तपासून देणारे लेखन-केंद्र महाविद्यालयात आहे का, हे विचारून ठेवा. प्रवेशाला अजून दोन महिने आहेत. तोवर तिने रोज एका इंग्रजी पाठ्यपुस्तकाची दहा पाने घड्याळ लावून वाचावीत आणि पुस्तक मिटून त्यात काय होते, ते अर्ध्या पानात मराठीत लिहून काढावे. मराठीत लिहिता आले, तर वाचलेले समजले आहे, असे समजा. महिनाभराची अर्धी-अर्धी पाने जमली, की त्यांतील पहिले आणि शेवटचे मला पाठवा.